टाचदुखीसाठी तळपायाला आधाराचा टेप कसा लावावा

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकवताच टाचेच्या तळाशी खिळा रुतल्यासारखी कळ येते, भिंतीला धरून दहा-पंधरा पावले टाकली की ती हळूहळू ओसरते आणि दुपारी बराच वेळ बसून उठल्यावर पुन्हा तशीच उठते. टाचदुखी घेऊन माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी येणारे बहुतेक रुग्ण आपले दुखणे याच क्रमाने सांगतात. त्यांत दिवसभर फळ्यापुढे उभे राहणारे शिक्षक असतात, वॉर्डातून सतत फेऱ्या मारणाऱ्या परिचारिका असतात, पोळ्यांच्या ऑर्डरी घेऊन तीन-तीन तास ओट्याशी उभ्या राहणाऱ्या महिला असतात आणि निवृत्तीनंतर एकदम रोज सहा किलोमीटर चालायला लागलेले गृहस्थही असतात. व्यायाम समजावून सांगितले की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "व्यायाम करीन हो, पण उद्या कामावर उभी कशी राहू?" या प्रश्नावर माझ्याजवळचे सर्वांत उपयोगी उत्तर म्हणजे तळपायाला लावायचा आधाराचा टेप.

तो घरच्या घरी, दुसऱ्या कुणाच्या मदतीने किंवा वेळ पडल्यास एकट्याने कसा लावावा, हे या लेखात सविस्तर सांगते आहे. टेपने मूळ दुखणे बरे होत नाही, हे आधीच सांगायला हवे. बरे होण्याचे काम व्यायाम, पादत्राणे आणि काही आठवड्यांचा धीर यांनीच होते. टेपमुळे मिळते ती उसंत. पण ज्याला उद्या सकाळी आठ तास उभे राहायचे आहे, त्याच्या दृष्टीने ही उसंत फार मोलाची असते.

दुखते ते नेमके काय

टाचेच्या हाडाच्या तळाशी, आतल्या बाजूला, एका जाड आणि फारसा न ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याची सुरुवात होते. हा पट्टा तळव्यातून पंख्यासारखा पसरत पाचही बोटांच्या मुळांपर्यंत जातो. वैद्यकीय भाषेत त्याला प्लांटार फॅसिया म्हणतात. पुढे मी त्याला तळव्याचा पट्टा असेच म्हणेन. पायाची कमान हे धनुष्य मानले तर हा पट्टा म्हणजे त्याची दोरी. आपण उभे राहिलो की कमान वजनाने किंचित दबते आणि दोरी ताणली जाते. पाऊल उचलताना अंगठा वर वळतो, तेव्हा हाच पट्टा अंगठ्याच्या मुळाभोवती गुंडाळला जाऊन कमान पुन्हा उचलून धरतो. जॉन हिक्स यांनी १९५४ मध्ये या क्रियेचे वर्णन करताना तिला दोर गुंडाळणाऱ्या रहाटाचेच नाव दिले आणि ते आजही रूढ आहे.

हा ताण रोज हजारो वेळा बसतो. वजन वाढले, उभे राहण्याचे तास वाढले, पोटरी आखडली किंवा चालणे एकाएकी वाढवले, तर पट्टा जिथे टाचेच्या हाडाला चिकटलेला असतो तिथला भाग ताण सोसेनासा होतो आणि दुखू लागतो. रात्री झोपेत पाऊल खालच्या बाजूला वळलेले राहिल्यामुळे पट्टा आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला तो अचानक ताणला जातो, म्हणून ती पहिली कळ एवढी तीव्र असते.

पुष्कळ रुग्ण एक्स-रे घेऊनच येतात आणि "टाचेचे हाड वाढले आहे" किंवा "काटा वाढला आहे" या शब्दांनी घाबरलेले असतात. एक्स-रेमध्ये असा काटा असूनही टाच मुळीच न दुखणारी माणसे भरपूर आहेत आणि काटा जागच्या जागी असताना दुखणे पूर्ण थांबलेली माणसेही भरपूर आहेत. काटा दिसला म्हणजे शस्त्रक्रिया करावी लागेल, असा अर्थ कृपया कुणी काढू नये.

टेप लावण्याची जी पद्धत पुढे दिली आहे तिला लो-डाय टेपिंग म्हणतात. राल्फ डाय या अमेरिकन पदचिकित्सकाच्या नावावरून ते नाव आले आणि या पद्धतीत टेप घोट्याच्या खालीच राहतो म्हणून तिला 'लो' म्हणतात. उभे राहिल्यावर कमान जितकी दबते त्याला टेप मर्यादा घालतो आणि पट्ट्यावरचा ताण तेवढा हलका करतो. ऑस्ट्रेलियात ९२ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठवडाभराच्या टेपिंगनंतर पहिल्या पावलाचे दुखणे, टेप न लावलेल्या गटाच्या तुलनेत, शंभराच्या मोजपट्टीवर सुमारे १२ गुणांनी जास्त उतरलेले आढळले. फायदा खरा आहे, पण मध्यम आहे आणि थोड्या काळापुरता आहे, हे या आकड्यावरून लक्षात घ्यावे. त्याच चाचणीत टेप लावलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के लोकांना टेप घट्ट वाटणे, दुसरीकडे दुखणे किंवा त्वचेला त्रास होणे अशा तक्रारी झाल्या. त्या बहुतांशी सौम्य होत्या, तरी लावण्यात आणि काढण्यात काळजी घ्यावी लागते ती यामुळेच.

कुणी टेप लावू नये

मधुमेह असलेल्या आणि पायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीने घरी टेप लावू नये. तळव्याला मुंग्या येणे, गादीवर चालल्यासारखे वाटणे, चप्पल पायातून निसटलेली न कळणे ही संवेदना कमी झाल्याची लक्षणे आहेत. अशा पायावर टेपची घडी रुतली तर ते कळत नाही आणि त्यातून झालेली जखम महिनोन्महिने चिघळू शकते. पायाचा रक्तपुरवठा कमी असणे, पायावर जखम किंवा व्रण असणे, वयोमानाने त्वचा कागदासारखी पातळ झालेली असणे, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असणे किंवा चिकटपट्टीची ॲलर्जी पूर्वी झालेली असणे, यांपैकी काहीही असल्यास टेप टाळावा. टाचेच्या भेगा खोल असतील, त्यांतून रक्त येत असेल, तर आधी त्या भरू द्याव्यात.

शिवाय प्रत्येक टाचदुखी या पट्ट्याचीच असते असे नाही. या दुखण्यात टाचेच्या तळाशी, आतल्या अंगाला, पुढच्या कडेजवळ अंगठ्याने दाबले की नेमका तो एक बिंदू ठणकतो. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर जास्त दुखत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. चालताना किंवा उडी मारताना 'फट्' असा आवाज होऊन तळवा सुजला व काळानिळा पडला असेल, पाऊल टेकवताच येत नसेल, विश्रांती घेतानाही आणि रात्री झोपेतही दुखत असेल, ताप असेल, तळव्यात जळजळ व बधिरपणा असेल, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडलेली राहत असेल, तर टेपच्या नादी न लागता डॉक्टरांना दाखवावे. साधारण आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची टाच दुखते तेव्हा कारण बहुधा टाचेच्या मागच्या वाढत्या हाडाशी निगडित असते; त्यांच्यासाठी हा लेख नाही.

कोणता टेप घ्यावा

या कामासाठी न ताणला जाणारा, झिंक ऑक्साइडचा चिकट थर असलेला कापडी टेप लागतो. खेळाच्या सामानाच्या दुकानात तो स्पोर्ट्स टेप किंवा रिजिड टेप म्हणून मिळतो. ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच रुंदीचा टेप बहुतेक प्रौढांच्या पायाला योग्य असतो. पाऊल लहान असेल तर २५ मिलिमीटरचा घ्यावा. औषधाच्या दुकानात "चिकटपट्टी द्या" म्हटले की अनेकदा कागदी पट्टी हातात ठेवतात. ती सलाइनची सुई धरून ठेवण्यासाठी ठीक आहे, पण शरीराचे वजन पडताच फाटते. ड्रेसिंगसाठी वापरतात तो ल्युकोप्लास्टसारखा कापडी प्लास्टर अडीअडचणीला चालतो, मात्र त्याचा चिकटपणा त्वचेला जास्त बोचतो, म्हणून त्याखाली अस्तर हवेच. खेळाडूंच्या खांद्या-गुडघ्यांवर दिसणारा रंगीत, ताणला जाणारा किनेसिओ टेप हा वेगळा प्रकार आहे. तो त्वचेला सौम्य आहे आणि काहींना त्यानेही आराम पडतो, परंतु पुढे दिलेली रचना न ताणल्या जाणाऱ्या टेपसाठीची आहे.

अस्तर म्हणून पांढरा, मऊ, जाळीदार आणि त्वचेला न झोंबणारा टेप मिळतो. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी तो आधी लावावा. याखेरीज कात्री, साबण, कोरडा टॉवेल, एक दोरा आणि टेप काढण्यासाठी खोबरेल तेल एवढेच साहित्य पुरते. मध्यम आकाराच्या पावलाला एका वेळी साधारण सव्वादोन ते अडीच मीटर टेप लागतो, त्यामुळे दहा मीटरच्या गुंडाळीत चार वेळचे काम होते.

पहिल्यांदाच टेप वापरत असाल तर आदल्या दिवशी दोन बोटांएवढा तुकडा पावलाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा. दुसऱ्या दिवशी तिथे खाज, पुरळ किंवा लाल चट्टा दिसला नाही, तरच पुढे जावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पूर्ण तळवा पुरळाने भरल्यावर येतात.

त्वचेची तयारी आणि माप

पाय साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह पूर्ण कोरडे करावेत. टेप लावायचा त्या दिवशी पायाला तेल, मलम किंवा भेगांचे क्रीम लावू नये, कारण तेलकट त्वचेवर टेप तासाभरात सरकतो. पावलाच्या कडेला आणि वर केस जास्त असतील तर ते कात्रीने बारीक करावेत. वस्तरा फिरवायचाच असेल तर आदल्या दिवशी फिरवावा, म्हणजे ताज्या दाढीसारख्या सोललेल्या त्वचेवर चिकट द्रव्य बसणार नाही.

आता दोऱ्याने माप घ्यावे. करंगळीच्या मुळाशी पावलाच्या बाहेरच्या कडेला जे हाड फुगीर लागते, त्याच्या किंचित मागून दोरा सुरू करावा, बाहेरच्या कडेने मागे नेऊन टाचेला वळसा घालावा आणि आतल्या कडेने पुढे आणून अंगठ्याच्या मुळाच्या फुगीर हाडाच्या किंचित मागे संपवावा. मध्यम पावलाला हे माप चाळीस ते पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास भरते. या मापाच्या तीन लांब पट्ट्या, तळव्याखालून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचतील अशा चार आडव्या पट्ट्या आणि पावलाच्या वर बसेल अशी एक छोटी पट्टी आधीच कापून टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवावी. एका हाताने पाऊल धरून दुसऱ्या हाताने टेप कापत बसलात तर पाऊल हलते आणि सगळी मेहनत वाकडी जाते.

टेप लावणे

ज्याचा पाय आहे त्याने पलंगावर पाय लांब करून बसावे आणि पाऊल कडेबाहेर अधांतरी ठेवावे. लावणाऱ्याने तळव्यासमोर स्टुलावर बसावे. पाऊल घोट्यात काटकोनात असावे, खाली लोंबकळत असू नये आणि जोर लावून वरही ओढलेले नसावे. बोटे सैल असावीत. स्नायू ताठ धरले असतील तर रुग्णाला एकदोन दीर्घ श्वास घ्यायला सांगावे. बोटे आपोआप सैल पडतात. अस्तर लावायचे असेल तर ज्या ज्या जागी टेप बसणार आहे तिथे ते न ताणता नुसते अंथरावे.

पहिली लांब पट्टी नालेसारखी बसते. तिचे टोक करंगळीच्या मुळामागे बाहेरच्या कडेला चिकटवावे आणि पट्टी कडेने मागे न्यावी. टाचेला वळसा घालताना ती घोट्याच्या दोन्ही हाडांच्या खालीच राहिली पाहिजे. वर सरकली तर टाचेच्या मागची जाड शीर प्रत्येक पावलाला घासली जाते आणि संध्याकाळपर्यंत तिथे फोड येतो. वळसा पूर्ण झाला की थांबावे. येथपर्यंत पट्टी फक्त ठेवायची आहे, ओढायची नाही.

यापुढचा क्षण सर्वांत महत्त्वाचा आहे. डाव्या-उजव्यापैकी मोकळ्या हाताचा अंगठा रुग्णाच्या पायाच्या अंगठ्याच्या मुळावर, पावलाच्या वरच्या बाजूने ठेवावा आणि ते हाड तळव्याच्या दिशेने हलकेच खाली दाबावे. असे दाबताच आतली कमान डोळ्यांदेखत थोडी उंचावते. हाच उंचावलेला आकार टिकवून ठेवायचा आहे. तो तसाच धरून पट्टी आतल्या कडेने पुढे आणावी, मध्यम ताण द्यावा आणि अंगठ्याच्या मुळामागे चिकटवावी. ताण किती, असे मला नेहमी विचारतात. पट्टी सपाट बसेल आणि त्वचेला सुरकुती पडणार नाही, इतकाच ताण पुरे. त्वचा ओढली जाऊन तिच्यावर रेघा दिसत असतील तर तो जास्त झाला आहे. पट्टी सोडवून पुन्हा लावावी. दुसरी नाल पहिलीच्या अर्ध्या रुंदीवर चढवून याच पद्धतीने लावावी.

मग आडव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी बाहेरच्या कडेवरच्या नालेवर सुरू करावी, तळव्याखालून आडवी आणावी आणि आतल्या कडेला वरच्या दिशेने उचलत आतल्या नालेवर चिकटवावी. दिशा बाहेरून आत अशीच हवी, कारण उचलायची आहे ती आतली कमान. उलट दिशेने ओढले तर कमान दबण्याला मदतच होते. पहिली पट्टी टाचेच्या गादीच्या पुढच्या कडेपाशी घ्यावी, पुढची पट्टी आधीच्या पट्टीच्या निम्म्या ते एक-तृतीयांश भागावर चढवावी आणि असे करत चवड्याच्या मागे येऊन थांबावे. चवड्याच्या ज्या भागावर आपण वजन देतो त्याच्यावर टेप जाता कामा नये. तळव्याखालच्या प्रत्येक पट्टीवरून अंगठा फिरवून घड्या सपाट कराव्यात. हाताला क्षुल्लक वाटणारी एखादी घडी पायाखाली दिवसभर खड्यासारखी टोचते, तेव्हा घडी दिसली की ती पट्टी काढून नवी लावण्याचा कंटाळा करू नये.

आता तिसरी लांब पट्टी पहिल्या नालेवरूनच फिरवावी, म्हणजे आडव्या पट्ट्यांची सुटी टोके तिच्याखाली बंद होतात. शेवटची छोटी पट्टी पावलाच्या वर, बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत बसते आणि ती रुग्णाला उभे करून, पायावर वजन घ्यायला लावूनच लावायची. पाऊल अधांतरी असते तेव्हा ते अरुंद असते, वजन पडल्यावर ते पसरते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका परिचारिकेच्या पावलावर मी ही वरची पट्टी ती पलंगावर बसलेली असतानाच, शिवाय चांगली ओढून लावली. वॉर्डात उभी राहताच तिची बोटे आवळू लागली, पण ड्युटी सोडून येता येईना, म्हणून तिने सहा तास तसेच काढले आणि घरी जाऊन टेप एका झटक्यात ओरबाडून काढला. दुसऱ्या दिवशी तिच्या पावलावर रुपयाएवढी कातडी सोललेली पाहून मला फार वाईट वाटले. तेव्हापासून वरची पट्टी उभे केल्याशिवाय मी लावत नाही आणि टेप काढण्याची रीत सांगितल्याशिवाय कुणालाही घरी पाठवत नाही.

लावल्यावर तपासणी

प्रत्येक बोटाचे नख दाबून सोडावे. पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. बोटे थंड, निळसर किंवा बधिर वाटत असतील तर टेप लगेच काढावा. नंतर वीसेक पावले चालून पाहावे. टेप लावण्यापूर्वी तेवढेच चालून दुखण्याला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यावा आणि लावल्यानंतर पुन्हा द्यावा. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवावेत. टेप योग्य बसला असेल तर कमानीखाली कुणीतरी तळहात धरल्यासारखे वाटते आणि टाचेचा आकडा उतरतो. दुखणे वाढले, किंवा गुडघ्यात वा पावलाच्या बाहेरच्या कडेला नवीन दुखू लागले, तर बहुधा ताण जास्त झालेला असतो. दोन वेळा नीट लावूनही आकड्यात काहीच फरक पडत नसेल, तर तुमच्या टाचदुखीला टेपचा उपयोग नाही असे समजून तो सोडून द्यावा.

मदतीला कुणी नसेल तेव्हा

एकट्याने वरची सगळी रचना करणे कठीण जाते. अशा वेळी दोन पट्ट्यांची साधी फुली पुरते. खुर्चीवर बसून दुखरे पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर आडवे ठेवावे. पहिली पट्टी अंगठ्याच्या मुळाखालून सुरू करून तळव्यावरून तिरकी बाहेरच्या बाजूला न्यावी, टाचेला मागून वळसा घालावा आणि आतल्या कडेने पुन्हा अंगठ्याच्या मुळाशी आणून सोडावी. दुसरी पट्टी करंगळीच्या मुळापासून निघून तळव्यावरून तिरकी आतल्या बाजूला जाते, टाचेला वळसा घालते आणि बाहेरच्या कडेने परत करंगळीच्या मुळाशी येते. दोन्ही पट्ट्या टाचेच्या पुढे तळव्यावर एकमेकींना छेदतात. त्यांवर दोन आडव्या पट्ट्या, दिशा तीच, बाहेरून आत. आधार कमी मिळतो, पण कामावर जाण्याआधी दहा मिनिटांत हे होते.

किती वेळ ठेवावा

न ताणला जाणारा टेपही चालायला लागल्यावर थोडा सैलावतो. बहुतेकांना एक ते दोन दिवस त्याचा आधार जाणवतो. तीन दिवसांच्या पुढे एकच टेप ठेवू नये, मग तो चिकटलेला असला तरीही. अंघोळीला पायावर प्लास्टिकची पिशवी बांधावी. ओला झालाच तर कोरड्या टॉवेलने दाबून टिपावा. कोकणात आणि मुंबईत, विशेषतः पावसाळ्यात, बंद बुटात घामाने टेपखालची त्वचा पांढरी आणि लिबलिबीत होते. तिथे राहणाऱ्यांनी टेप सकाळी लावून रात्री काढणेच बरे. खाज, जळजळ किंवा टोचणी सुरू झाली तर वेळ न पाहता काढावा.

आषाढी वारीला निघणाऱ्या अनेकांना टेप लावून हवा असतो. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालताना तो उपयोगी पडू शकतो, परंतु प्रस्थानाच्या दिवशी पायाला पहिल्यांदा टेप लावू नये. दोन-तीन आठवडे आधी रोजच्या सरावाच्या चालण्यात तो लावून पाहावा, त्वचेला मानवतो का ते बघावे आणि सोबतच्या एकाला लावायला शिकवून ठेवावे.

काढण्याची रीत

टेपच्या वरून आणि कडांमधून खोबरेल तेल भरपूर चोळावे व दहा-पंधरा मिनिटे थांबावे. मग शेवटी लावलेली पट्टी आधी, अशा उलट क्रमाने काढावे. पट्टीचे टोक वर न उचलता तिच्या स्वतःवरच मागे दुमडावे आणि त्वचेला समांतर, हळूहळू ओढावे. दुसऱ्या हाताने मोकळी झालेली त्वचा दाबून धरावी. कात्रीने कापायचे असल्यास बोथट टोकाची कात्री पावलाच्या कमानीकडच्या पोकळीतून घालावी. टेप निघाल्यावर पाय साबणाने धुवावेत, नाहीतर तेलामुळे पुढचा टेप बसत नाही. नवा टेप लावण्यापूर्वी त्वचेला निदान एक रात्र मोकळी ठेवावी आणि लाल चट्टे पूर्ण गेल्याशिवाय पुन्हा लावू नये.

टेपच्या दिवसांत करायचे व्यायाम

सकाळी पाऊल जमिनीवर ठेवण्याआधीच, अंथरुणात बसून, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा. हाताने पाचही बोटे धरून नडगीच्या दिशेने मागे ओढावीत. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपून पाहिला तर पट्टा तारेसारखा ताठ लागतो; तो तसा लागला की ताण बरोबर आहे. दहापर्यंत आकडे मोजून सोडावे, असे दहा वेळा करावे आणि दिवसातून तीनदा करावे. बराच वेळ बसून उठण्यापूर्वीही एकदा करावे. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली ठेवून तीस सेकंद थांबावे, असे तीनदा.

पहिल्या आठवड्यात कळ थोडी उतरली की ताकदीचा व्यायाम सुरू करावा. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वापरलेला हा व्यायाम मी नेहमी देते. जिन्याच्या पायरीवर टॉवेलची गुंडाळी ठेवून तिच्यावर बोटे टेकवावीत, म्हणजे ती वर वळलेली राहतात. टाच पायरीबाहेर असावी. कठड्याला धरून तीन सेकंदांत टाच उचलावी, दोन सेकंद वर थांबावे आणि तीन सेकंदांत खाली यावे. बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांवर सुरुवात करावी. पुढे सोपे वाटू लागले की पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून वजन वाढवत जावे. पायरीवर तोल जाण्याची भीती असणाऱ्यांनी तो जमिनीवरच ओट्याला धरून करावा.

घरात शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर अनवाणी चालणे काही महिने बंद ठेवावे. देवघर आणि स्वयंपाकघर यांसाठी वेगळी, धुतलेली मऊ चप्पल ठेवली की बहुतेक घरांतली अडचण सुटते. पातळ तळाची सपाट कोल्हापुरी काही काळ बाजूला ठेवावी आणि टाच चवड्यापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच राहील असे पादत्राण वापरावे.

टेप कधी सोडावा

पहिले दोन आठवडे कामाच्या दिवशी टेप लावावा. तिसऱ्या आठवड्यापासून फक्त ज्या दिवशी जास्त उभे राहायचे आहे त्या दिवशीच लावावा. टेप नसताना सकाळच्या पहिल्या पावलाचा आकडा सलग आठवडाभर दोनच्या खाली राहिला, की तो पूर्ण बंद करावा. व्यायाम मात्र निदान तीन महिने चालू ठेवावेत. हे दुखणे बहुतेकांचे वर्षभराच्या आत शस्त्रक्रियेशिवाय बरे होते, पण मधले दिवस वर-खाली होत असतात आणि एखाद्या लग्नकार्यात चार तास उभे राहिल्यावर पुन्हा कळ येते. तेव्हा घाबरून न जाता दोन-तीन दिवस टेप पुन्हा लावावा. व्यायाम, पादत्राणे आणि टेप हे सगळे नीट पाळूनही सहा आठवड्यांत लिहून ठेवलेले आकडे उतरले नाहीत, तर तो कागद घेऊनच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.